कावीळ नेमकी कधी वाढते? शहरातल्या हिपॅटायटिस ए बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी २२ वर्षांपासून रक्ताचे नमुने घेते. जून सरत आला की काउंटरवर एकच वाक्य ऐकू यायला लागतं : "ताई, पोराची लघवी लई पिवळी व्हायली, काही खाईना गेलंय." रक्ताची नळी गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून, सेंट्रिफ्यूजमधून, नळी बाहेर काढली की लाल पेशी तळाला बसलेल्या असतात आणि वर पातळ सीरम तरंगतं. निरोगी माणसाचं सीरम फिकट, गवताच्या काडीच्या रंगाचं असतं. काविळीच्या पेशंटचं झेंडूसारखं गडद असतं. मशीनचा आकडा यायच्या आधीच मला कळतं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्या आईला अजून काहीच माहीत नसतं.

या दिवसांत तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं घाईघाईत, सुई हातात धरून द्यावी लागतात. इथे जरा निवांत देते. उपचार मात्र तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

हिपॅटायटिस ए म्हणजेच कावीळ ना?

कावीळ हे लक्षण आहे. यकृत नीट काम करत नसलं की रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य साठतं आणि डोळे, कातडी, लघवी पिवळी होते. त्याची कारणं बरीच आहेत : विषाणू, दारू, पित्ताशयातले खडे, काही औषधं. पावसाळ्यात आपल्याकडे जी कावीळ घरोघर दिसते, ती बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. दोन्ही विष्ठेतून बाहेर पडतात आणि पाण्यातून, अन्नातून, न धुतलेल्या हातांतून दुसऱ्याच्या तोंडात जातात. बी आणि सी या कावीळींचा पाण्याशी संबंध नाही. त्या रक्तातून पसरतात, आणि त्यांना ऋतूही नसतो.

"पांढरी कावीळ", "काळी कावीळ" ही नावं लोक फार वापरतात. त्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. रिपोर्टवर ए, बी, सी, ई यांपैकी काय लिहिलंय ते बघा आणि तेच सांगा.

परवा पाणीपुरी खाल्ली आणि आज डोळे पिवळे झाले. त्यानंच झालं ना?

नाही. माझ्या मते या आजाराबद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हिपॅटायटिस एचा विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात. सरासरी धरली तर २८ दिवस, म्हणजे चार आठवडे. आज डोळे पिवळे झाले असतील तर परवाचं सोडून द्या आणि महिनाभर मागे जा. तेव्हा कुठे होतात? गावाकडे गेला होतात का? घरी नळाला पाणी किती दिवसांनी आलं होतं? टँकर मागवला होता का? कुणाच्या लग्नात जेवलात?

एक हिशेब करून बघा. २० मे रोजी लग्नाच्या पंगतीत दूषित पाणी प्यायलेला माणूस ४ जून ते ९ जुलै यांच्या दरम्यान कधीही आजारी पडू शकतो, बहुधा १७ जूनच्या आसपास. तोवर मांडव उठलेला असतो, आचारी दहा ठिकाणी जाऊन आलेला असतो आणि वऱ्हाड चार जिल्ह्यांत पांगलेलं असतं. परभणीचा पेशंट परभणीत तपासतो, जालन्याचा जालन्यात. दोघं एकाच पंगतीत बसले होते हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

त्यात आणखी एक भर आहे. डोळे पिवळे व्हायच्या साधारण दोन आठवडे आधीपासून विषाणू विष्ठेतून बाहेर पडत असतो. त्या दिवसांत माणूस धडधाकट असतो. कणीक मळतो, लिंबू पिळतो, भांड्यात बर्फ टाकतो. १७ जूनला आजारी पडलेल्यानं घरातल्या कुणाला लागण दिली, तर तो दुसरा पेशंट १५ जुलैच्या सुमाराला उभा राहतो. एका लग्नाचं पाणी असं दोन महिने लॅबमध्ये येत राहतं.

मग कावीळ पावसाळ्यातच का वाढते?

पावसाच्या थेंबात कावीळ नसते. पाणी आपल्यापर्यंत ज्या वाटेनं येतं, ती वाट पावसाळ्यात फुटते. मराठवाड्यात ती का फुटते याला आपली खास कारणं आहेत.

पहिलं कारण गॅपचं. आपल्या शहराला पैठणच्या जायकवाडीतून पाणी येतं. धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येत नाही, मधे काही दिवसांचा गॅप पडतो, हे इथल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे. पाणी बंद झालं की जमिनीखालची पाइपलाइन रिकामी होते आणि आतला दाब उतरतो. पाणी सुरू असताना जिथून ते बाहेर गळत होतं, त्याच भेगेतून आता बाहेरची घाण आत ओढली जाते. शेजारून ड्रेनेज जात असेल तर काय आत येत असेल ते वेगळं सांगायला नको. वर अर्ध्या गल्लीनं नळाला थेट मोटार लावलेली असते. ती पाण्याबरोबर भोवतालचा चिखलही खेचते.

दुसरं कारण आपली काळी माती. उन्हाळ्यात ती फाकते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस पडला की तीच माती फुगते. तिच्या पोटात पुरलेला पाइप दर वर्षी असा ओढाताणीत सापडतो आणि त्याचे सांधे सैल होतात.

तिसरं कारण पहिला पाऊस. उन्हाळाभर नाल्यात, उकिरड्यावर, उघड्यावर साठलेलं सगळं तो एका झटक्यात वाहून आणतो. ड्रेनेज तुंबून रस्त्यावर येतं आणि ज्या खड्ड्यातून नळाची लाइन गेली आहे तोच खड्डा भरतो. मराठवाड्यात पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. त्यात चार आठवडे मिळवा, जुलैचा मध्य येतो. आमच्या रजिस्टरची पानं साधारण त्याच सुमाराला भरायला लागतात.

पावसाळा संपला, दिवाळी आली, तरी पेशंट कसे?

आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस जोरदार असतो. २०२५ च्या सप्टेंबरात बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांत नद्या शेतात आणि घरांत शिरल्या होत्या. पुराचं पाणी विहिरीत उतरतं, संडासाच्या टाक्या वर येतात. पाणी ओसरतं, ऊन पडतं, माणसं घर धुऊन घेतात आणि सगळं सुरळीत झालं असं वाटतं. शरीरातला हिशेब मात्र चालूच असतो. सप्टेंबरअखेरच्या पाण्याची कावीळ ऑक्टोबरच्या शेवटी दिसणार. ऐन दिवाळीत घरात पेशंट असतो आणि लोक म्हणतात, "तेलकट खाल्ल्यानं झालं." चिवड्याचा काही दोष नसतो.

आमच्याकडे तर मे महिन्यातच झाली. तेव्हा पाऊस कुठे होता?

पाऊस नव्हता, पण पाणीही नव्हतं. मराठवाड्याचं वेगळेपण इथंच आहे. आपल्या शहरांत काविळीचं कारण पावसाळ्याइतकंच टंचाईतही असतं.

उन्हाळ्यात गॅप वाढतो. पाणी जितके दिवस साठवायचं तितके हात त्यात बुडतात. टँकर कुठल्या विहिरीवर भरला, त्याची टाकी शेवटची कधी धुतली, नळीचं तोंड कुठे पडलं होतं, हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर टँकर पुढच्या गल्लीत जाईल ही भीती असते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये पहिली गाडी १० वाघिणींतून ५ लाख लिटर घेऊन आली होती. अशा दिवसांत पाणी रेल्वेतून टाकीत, टाकीतून टँकरमध्ये, टँकरमधून ड्रममध्ये, ड्रममधून हंड्यात, हंड्यातून तांब्यात येतं. क्लोरिन टाकलं असलं तरी इतक्या हातांतून आणि दिवसांतून जाताना ते उडून जातं.

त्यातच लग्नसराई. वैशाखातल्या लग्नांत पाण्याचे जार लागतात. जार थंडगार असतो, म्हणून लोक त्याला शुद्ध समजतात. कित्येक ठिकाणी पाणी फक्त थंड केलेलं असतं. थंडीनं हा विषाणू मरत नाही, बर्फात तर तो छान टिकतो. उसाच्या रसाचं तेच. काविळीवर औषध म्हणून लोक रस प्यायला जातात आणि त्यात कुठल्या पाण्याचा बर्फ पडतो ते बघत नाहीत.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, पाण्याची काळजी जुलैत घ्यायची म्हटलं तर उशीर होतो. ती एप्रिलपासून घ्या. जुलैत दवाखान्यात येणाऱ्यांच्या पोटात विषाणू जूनमध्येच गेलेला असतो.

आमच्या वॉर्डात गॅस्ट्रोची साथ आली होती, ती आटोक्यात आली. आता निश्चिंत ना?

अजून महिनाभर सावध राहा. जुलाब-उलट्यांचे जंतू काही तासांत किंवा चार-पाच दिवसांत त्रास देतात. ड्रेनेज मिसळलेल्या त्याच पाण्यात हिपॅटायटिसचा विषाणू असेल, तर तो तीन-चार आठवड्यांनी तोंड दाखवेल. तोवर लाइन दुरुस्त झालेली असते, पाण्याचा नवा नमुना स्वच्छ येतो आणि "पाणी तर चांगलं आहे, मग कावीळ कशी?" असा घोळ होतो. आजच्या नमुन्यावरून महिन्यापूर्वीच्या पाण्याचा निवाडा होत नाही. गॅस्ट्रोची साथ ही आगाऊ सूचना समजा आणि पाणी उकळायचं बंद करू नका.

आमच्याकडे बोअर आहे, ३०० फूट. त्यात कुठून घाण येणार?

मराठवाड्याच्या जमिनीखाली बेसाल्टचा काळा खडक आहे, आणि तो भेगाळलेला आहे. वाळूतून पाणी झिरपलं तर गाळलं जातं. खडकाच्या भेगेतून ते गाळलं न जाता सरळ धावतं. शेजारच्या शोषखड्ड्यातलं पाणी अशा भेगेतून तुमच्या बोअरला लागू शकतं. वरच्या भागातली केसिंग, म्हणजे बोअरच्या आत बसवलेला पाइप, कमी किंवा फुटकी असेल तर बोअर कितीही खोल असून उपयोग नाही. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड असतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

घरात आरओ आहे, तरी कावीळ झाली. असं कसं?

आरओ चांगला असेल, वेळेवर मेंब्रेन बदललेलं असेल, तर तो विषाणू अडवतो. पण ब्रश करताना कुठलं पाणी घेता? कोथिंबीर, काकडी कशात धुता? शाळेच्या बाटलीत सकाळी आरओचं पाणी जातं, ते संपल्यावर दुपारी कुठलं?

कँडलचा साधा फिल्टर, चौपदरी फडकं किंवा तुरटी यांनी हा विषाणू अडत नाही. तो एका मिलिमीटरच्या सुमारे सदतीस हजाराव्या भागाएवढा असतो. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, त्याचा फायदा एवढाच की नंतर टाकलेलं क्लोरिन नीट काम करतं. गढूळ पाण्यात क्लोरिन गाळावरच खर्च होतं.

सगळ्यात खात्रीचा उपाय उकळणं. पातेल्याच्या तळाशी बुडबुडे दिसले म्हणजे उकळलं असं नाही. पाणी खळखळ उकळू द्या आणि त्यानंतर निदान मिनिटभर तसंच ठेवा. मग त्याच पातेल्यात झाकून गार करा. उकळलेलं पाणी न धुतलेल्या माठात ओतणं आणि त्यात तांब्यासकट हात बुडवणं, ही चूक मी चांगल्या शिकल्यासवरल्या घरांत पाहिली आहे. ओगराळं किंवा तोटीचा माठ वापरा.

उकळणं परवडत नसेल, गॅस महाग आहे हे मला ठाऊक आहे, तर आशाताईंकडे मेडिक्लोर, म्हणजे क्लोरिनच्या थेंबांची बाटली, मागा. बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब टाकून अर्धा तास थांबा. गावाकडे जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. ते पोतं उघडं किंवा ओलीत पडलं असेल तर त्यातलं क्लोरिन उडून गेलेलं असतं आणि पाण्यात नुसता चुना पडतो. पाण्यात क्लोरिन उरलंय का ते दाखवणारी ओटी टेस्ट करा म्हणून त्याच्या मागे लागा. दोन थेंबांत पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन उरायला हवं. चाचणी टाकीजवळ करून उपयोग नाही, शेवटच्या घरात करायची.

शहरात असाल तर एक सवय लावा. गॅपनंतर नळ आला की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचं पाणी पिण्याच्या भांड्यात धरू नका. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गल्लीत हे सांगताना मलाच जड जातं. ते ओतून टाका असं मी म्हणत नाही. ते संडास-बाथरूमच्या ड्रमात, झाडांना, फरशीला वापरा.

तुमच्या स्वतःच्या घरी कधी झाली का?

हो. काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिराला झाली. आम्ही सगळ्यांनी चौकातल्या गाड्यावर खापर फोडलं. मी लॅबमध्ये काम करते, तरी महिनाभर मागचा हिशेब घरातल्या माणसासाठी मला सुचला नाही. तीन आठवड्यांनी शेजारच्या दोन मुलांना झाली, तेव्हा प्लंबरला बोलावलं. मीटरपासून आमच्या हौदापर्यंतचा लोखंडी पाइप ड्रेनेजच्या चेंबरमधून आरपार नेलेला होता. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती, कुणीतरी कधीतरी केलेली दुरुस्ती. पट्टी सोडली तर आत गंजून पेन्सिल जाईल एवढं भोक पडलेलं होतं. चेंबर तुंबला की ते भोक घाणीत बुडायचं. आम्ही सहा घरं ते पाणी पीत होतो.

तुमच्या घराचा पाइप कुठून आलाय ते एकदा स्वतः उभं राहून बघा. चेंबरमधून किंवा नालीतून आला असेल तर पावसाळ्याच्या आत वरून फिरवून घ्या.

लहान लेकरांना होत नाही आणि मोठ्यांनाच का होते?

होते लहानांनाही, पण दिसत नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांत दहापैकी सात जणांना लक्षणंच नसतात. जराशी कणकण, एखादा दिवस जुलाब, संपलं. ती मुलं खेळत राहतात आणि विषाणू पसरवत राहतात. मोठ्या माणसाला लागण झाली तर मात्र दहापैकी सातांहून अधिक जणांना कावीळ होते आणि वय वाढेल तसा आजार जड जातो. पन्नाशीपुढे धोका आणखी वाढतो.

एकदा हा आजार होऊन गेला की जन्मभर पुन्हा होत नाही. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला तो नकळत बालपणीच होऊन जायचा. आता फ्लॅटमध्ये, फिल्टरच्या पाण्यावर वाढलेली मुलं त्याला भेटतच नाहीत. हे चांगलंच आहे. पण मग ती अठराव्या वर्षी लातूरला नाहीतर इथे क्लाससाठी येतात, जूनमध्ये होस्टेलला उतरतात, मेसचं जेवतात, कॉमन कूलरचं पाणी पितात आणि जुलै-ऑगस्टमध्ये पिवळी पडून घरी जातात. वर्ष तिथेच अडखळतं. मला सर्वात जास्त काळजी याच मुलामुलींची वाटते.

जगात सगळीकडे ही पावसाळ्यातच येते का?

नाही. १९८८ मध्ये चीनच्या शांघाय शहरात जानेवारी ते मार्च, म्हणजे थंडीत, सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला. कारण होतं सांडपाण्यात वाढलेले शिंपले अर्धेकच्चे खाणं. आपल्या दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेचं पाणी दूषित होऊन काविळीचे सुमारे २९ हजार पेशंट झाले होते, आणि जपून ठेवलेले नमुने पुढे तपासल्यावर ती साथ ईची निघाली. ज्या शहरात घाण तोंडापर्यंत जायची वाट ज्या महिन्यात उघडते, त्या महिन्यात साथ येते. आपली वाट पाइपातून जाते, आणि ती टंचाईत आणि पावसात उघडते.

बाळाला काविळीची लस दिली होती, मग कशी झाली?

सरकारी दवाखान्यात बाळाला देतात ती हिपॅटायटिस बीची लस. ती बीपासूनच वाचवते. एची लस वेगळी आहे, ती सध्या सरकारच्या मोफत लसीकरणात नाही, खासगीत घ्यावी लागते. वर्षाच्या पुढच्या मुलांना आणि मोठ्यांनाही देता येते. एका प्रकारात निदान सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, दुसऱ्या प्रकारची जिवंत लस एकदाच देतात. ती गरोदर बाईला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला देत नाहीत. होस्टेलला जाणाऱ्या मुलासाठी जमत असेल तर एप्रिलपर्यंत घेऊन टाका. घरात कुणाला ए निघाला तर बाकीच्यांनी पहिल्या दोन आठवड्यांत लस घेतली तरी बराच बचाव होतो. त्याबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

माळ घातली की उतरते म्हणतात. घालावी का?

हा प्रश्न लोक मला हळू आवाजात विचारतात. मी कुणाला हसत नाही, कारण माझ्या आईनंही मला लहानपणी माळ घातली होती.

माळ कशी वाढते ते सांगते. ओल्या काटक्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून ती टाळूवर बसेल एवढी केलेली असते. काटक्या वाळतात, आकसतात, फास सैल होतात, माळ लांबते आणि गळ्यातून छातीवर येते. खुंटीला टांगली तरी ती लांबेल. हात धुऊन कावीळ उतरवतात त्यात हातांना आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो. चुन्याच्या निवळीत हात घातले की निवळी पिवळी होते. ज्याला कावीळ नाही त्याच्याही हातांनी ती तशीच होईल.

लोकांना गुण येतो तो खराच असतो. हिपॅटायटिस ए बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. बी-सीसारखा तो आत घर करून राहत नाही. त्यामुळे या काळात जे काही केलं त्याला यश मिळतं. धोका आहे तो हजारातल्या त्या दोन-तीन जणांना, ज्यांचं यकृत कोसळतं. त्यांचे हातचे चार दिवस गावोगाव फिरण्यात जातात. म्हणून माझं म्हणणं एवढंच : माळ घालायची तर घाला, पण आधी रक्त तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. नाकात, तोंडात कसलाही पाला पिळू देऊ नका, तापल्या लोखंडाचा डाग तर मुळीच देऊ देऊ नका. आजारी यकृतावर अनोळखी औषधाचा भार नको.

पथ्य काय? हळद, तेल बंद करायचं का?

हळदीनं कावीळ वाढत नाही. रंग सारखा म्हणून तो समज. मळमळ असते तोवर थोडं थोडं खायला द्या : भात, मऊ खिचडी, ताक, फळं. भूक आली की घरचं नेहमीचं जेवण. नुसत्या फुटाण्यांवर आणि रसावर ठेवून पोर अशक्त करू नका. दारू पूर्ण बंद. तापावरची पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

कोणती तपासणी करावी?

बिलिरुबिन आणि एसजीपीटी (यकृतातलं एक एन्झाइम) यांवरून यकृताला सूज किती ते कळतं. एसजीपीटी ४० च्या आसपास असायला हवं ते या आजारात हजारांत जाऊ शकतं. आकडा बघून घाबरू नका, तो जसा चढतो तसा उतरतो. नेमका ए आहे का हे आयजीएम चाचणीवरून, म्हणजे ताज्या लागणीत रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांवरून, कळतं. ती चार-सहा महिने पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून बरं झाल्यावर पुन्हा पुन्हा करू नका. काही जणांत, दहापैकी एखाद्यात, बरं वाटल्यावर कावीळ पुन्हा डोकावते. तीही जाते, पण डॉक्टरांना दाखवायला हवी.

गरोदर बाईला कावीळ असेल तर ईची तपासणी त्याच दिवशी करा. शेवटच्या तीन महिन्यांत ई झाला तर शंभरातल्या २० ते २५ जणी दगावू शकतात. यात एक दिवसही घालवायचा नाही.

तातडीनं दवाखान्यात कधी न्यायचं?

पेशंट गुंगीत जायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, रात्री जागा आणि दिवसा झोपलेला असं उलटं झालं, नाकातून-हिरड्यांतून रक्त आलं, पोट फुगलं किंवा उलट्या थांबेचनात, तर रात्र आहे म्हणून थांबू नका. मोठ्या दवाखान्यात न्या.

घरात एकाला झाली. भांडी, अंथरूण वेगळं करायचं का?

साबणानं स्वच्छ घासलेली भांडी चालतात. जवळ बसल्यानं, बोलल्यानं हा आजार होत नाही. आजारी लेकराला कोपऱ्यात एकटं टाकू नका. लक्ष संडासावर द्या. तिथे साबण ठेवा, प्रत्येकानं दोन्ही हात चोळून धुवा, लहानग्याचं शी-शू काढणाऱ्यानं तर नक्कीच. नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूला साबण-पाणीच हवं. डोळे पिवळे झाल्यापासून निदान आठवडाभर पेशंटनं इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि मुलांनी शाळेत जाऊ नये.

एकाच गल्लीत महिनाभरात दुसरा पेशंट निघाला तर आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा. "लोक काय म्हणतील" म्हणून दडवू नका. कळवलं तरच लाइन तपासायला माणूस येईल.

महिन्यापूर्वी काय खाल्लं-प्यायलं ते कसं आठवायचं?

आठवत नाही, हे मी रोज बघते. पण आपल्या घरांत एक सोय आधीपासूनच आहे. नळाला गॅप असल्यामुळे भिंतीवरच्या कॅलेंडरात पाण्याच्या दिवसाभोवती बायका गोल करतात, पुढचा दिवस मोजायला. त्याच चौकटीत एखादा शब्द वाढवा : पाणी गढूळ आलं तर "गढूळ", वास आला तर "वास", टँकर घेतला तर "टँकर", बाहेर जेवलात तर "लग्न, जालना". जून ते नोव्हेंबर तर नक्कीच लिहा, आणि महिना उलटला म्हणून पान फाडून टाकू नका. रक्त द्यायला आलात तर तीही पानं सोबत आणा. मागच्या पावसाळ्यात एक आजी तिन्ही पानं घडी करून कमरेच्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या. नातवाच्या आजाराच्या बरोबर २६ दिवस आधीच्या चौकटीत पेन्सिलनं लिहिलेलं होतं : "पाणी आलं, काळं, मोरीचा वास."